डिचोलीत उणे ४० डिग्री: चेक इंजिनचा दिवा लागला की घरच्या घरी काय बघता येतं

गोव्यात मृग लागला की दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे लाइट जाते आणि दुसरी म्हणजे ओळखीतल्या कुणाच्या तरी गाडीत तो पिवळा इंजिनचा दिवा लागतो. मग ग्रुपवर डॅशबोर्डचा फोटो येतो, 'हे काय आहे, चालवू की नको', आणि त्याखाली दहा जणांची दहा उत्तरं, पेट्रोलात पाणी आहे, सेन्सर गेला, बॅटरी काढून परत लाव, माझा तर दोन वर्षं पेटलेलाय मी बघतच नाही. कोणी मुद्दाम खोटं बोलत नसतं, पण गाडी स्वतः काय म्हणतेय ते कोणी विचारलेलं नसतं. आणि ते विचारायला आता फार काही लागत नाही, पाचशे ते हजार-दीड हजारात मिळणारा काडेपेटीएवढा ब्लूटूथ स्कॅनर, मोबाईल, आणि एक साधा मल्टिमीटर.

मी मेकॅनिक नाही. पण चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान भरून बाजारातून आलो, गाडी बंद केली, अर्ध्या तासाने परत सेल्फ मारला तर घेईना, घेतली तेव्हा पेट्रोलचा वास आणि रेडिएटरचा फॅन आपला भर्रर्र चालूच, चावी दिल्या दिल्या. दिवा पेटलेला. जवळच्या एका गॅरेजमध्ये नेली, त्यांनी मशीन लावलं आणि सांगितलं की कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या तापमानाचा सेन्सर बदलावा लागेल, आणि त्याने नाही गेलं तर मग ईसीएम बघावा लागेल. ईसीएम म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, तो शब्द ऐकला की माणूस आधी खिसा चाचपतो. मी म्हटलं चवथ होऊ दे.

घरी येऊन स्वतःचा स्कॅनर लावला. कोड, म्हणजे गाडीने नोंदवलेल्या बिघाडाचा नंबर, होता पी०११८. आणि लाइव्ह डेटात, म्हणजे गाडी त्या क्षणी जे आकडे वाचत असते त्यात, कूलंटचं तापमान होतं उणे ४० डिग्री. डिचोलीत, भर दुपारी, इंजिन हात लावू देत नाही एवढं गरम असताना.

ते उणे ४० कुठून आलं ते कळलं की या विषयातलं निम्मं कळलं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

सेन्सर बोलत नाही, वायर बोलते

कूलंटचा सेन्सर म्हणजे पितळेच्या बोंडात बसवलेला एक रेझिस्टर, बस. थंड असताना तो करंटला जास्त अडवतो, गरम झाला की कमी. साधारण २० डिग्रीला दोन-अडीच हजार ओहम, ८० डिग्रीला तीनशेच्या आसपास, गाडीगणिक थोडा फरक. ईसीएम त्याला एका वायरीवरून ५ व्होल्ट पाठवतो आणि वायरीवर किती व्होल्ट उरलेत ते बघतो. जास्त उरले म्हणजे सेन्सर अडवतोय म्हणजे इंजिन थंड, कमी उरले म्हणजे गरम. ईसीएमला तापमान कधीच दिसत नाही, दिसतात ते फक्त व्होल्ट, आणि त्यावरून तो अंदाज करतो.

आता वायरच तुटली तर? करंट जायला वाटच नाही, ५ च्या ५ व्होल्ट तसेच उरतात. ईसीएमच्या हिशेबात याचा अर्थ प्रचंड थंड, आणि स्कॅनरला तापमान सांगायची जी ठरलेली पद्धत आहे तिच्यात सगळ्यात खालचा आकडा उणे ४० आहे, म्हणून तो तिथे जाऊन टेकतो. उलट वायर बॉडीला घासून अर्थ (अर्थिंगवालं 'अर्थ') झाली तर व्होल्ट शून्य, आणि इंजिन एकदम शंभरच्या कितीतरी वर दाखवणार. इंजिन खरोखर गोठलंय किंवा उकळतंय असा याचा अर्थ नाही, सर्किट उघडं आहे की शॉर्ट एवढाच त्याचा अर्थ.

आणि मग बाकीची लक्षणं आपोआप जुळतात. इंजिन गोठलंय असं समजून ईसीएम भरपूर पेट्रोल ओततो, म्हणून तो वास आणि गरम इंजिन स्टार्ट व्हायला त्रास. पण त्याला हेही कळतं की हा आकडा काही पटत नाही, म्हणून सेफ्टी म्हणून फॅन कायमचा चालू ठेवतो.

कोड म्हणजे तक्रार, गुन्हेगार नव्हे

डॉक्टरकडे जाऊन पोटात दुखतंय म्हणून सांगितलं तर डॉक्टर लगेच पोट बदलत नाही. पी०११८ चा शब्दशः अर्थ 'कूलंट सेन्सरच्या सर्किटवर व्होल्ट जास्त' एवढाच आहे. सर्किटमध्ये सेन्सर येतो, कपलर (वायरी जोडायचा प्लग) येतो, दोन वायरी येतात, अर्थ येतो आणि शेवटी ईसीएम. पाचातला कुठलाही एक. पण कोडात सेन्सरचं नाव असतं, म्हणून सेन्सर बदलला जातो, आणि तो बदलून दिवा गेला नाही की आपण म्हणतो सेन्सर डुप्लिकेट निघाला.

कोड वाचायची रीत एकदा समजून घ्या, मग पाठ करायची गरज नाही. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे एबीएस-स्टिअरिंगकडचं, बी म्हणजे आतलं, एअरबॅग, एसी, खिडक्या वगैरे, आणि यू म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं बंद. त्यानंतर ० असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांचा सारखा, १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा, तो शोधताना गाडीचं मॉडेल टाकूनच शोधायचा, नाहीतर भलतंच उत्तर मिळतं. नावात 'सर्किट', 'हाय', 'लो' असे शब्द असतील तर आधी वायरीकडे बघा.

ही पद्धत मुळात धुरासाठी आली. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या गाड्यांना एकच सॉकेट आणि एकच भाषा सक्तीची झाली, तिचं नाव ओबीडी-२, आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना ती एप्रिल २०१३ पासून आली. त्यामुळे त्यानंतरची गाडी असेल तर स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वर कुठेतरी सोळा भोकांचं सॉकेट सापडणारच, कधी झाकण असतं. स्कॅनर त्यात दाबायचा, चावी ऑनला, इंजिन बंद, आणि फोनवर अॅप उघडायचं. आयफोनवाल्यांनी घेताना विचारून घ्या, जुने स्वस्त ब्लूटूथवाले आयफोनला जोडत नाहीत. आणि काम झाल्यावर काढून ठेवा, त्या सॉकेटला बॅटरीचा प्लस कायम असतो, स्कॅनर तसाच ठेवून मुंबईला आठवडाभर गेलात तर आल्यावर सेल्फ लागेलच असं नाही.

आधी बॅटरी, मग बाकी सगळं

पावसात कुठेतरी फांदी पडली आणि अख्ख्या वाड्याची लाइट गेली तर आपण प्रत्येक घरातला बल्ब बदलत बसत नाही. गाडीत एकदम सात-आठ कोड आले, त्यात दोन-तीन यूवाले, एबीएसचा दिवा, स्टिअरिंगचा दिवा, तर आठ वस्तू एका रात्रीत बिघडलेल्या नसतात. व्होल्टेज पडलेलं असतं.

मल्टिमीटर डीसी २० वर. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या टर्मिनलवर १२.६ च्या आसपास म्हणजे फुल, १२.२ म्हणजे अर्धी. सेल्फ मारताना कोणालातरी मीटरकडे बघायला सांगा, साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी थकली. इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा-पावणेपंधरा हवेत, म्हणजे अल्टरनेटर चार्ज करतोय.

आता गोव्याचं खास दुखणं, अर्थ. किनाऱ्याकडच्या गाड्यांचं मोरजी-कळंगुटला खाऱ्या हवेत जे होतं ते बॉनेट उघडल्यावर दिसतं, टर्मिनलवर पांढरं पीठ, कपलरच्या पिनांवर हिरवा थर, आणि इंजिनकडून बॉडीला जाणारी ती जाड अर्थची पट्टी नटापाशी गंजलेली. गंमत अशी की असा जॉइंट मीटरने नुसता बघितला तर १२ व्होल्ट दाखवतो आणि आपण म्हणतो ठीक आहे. गाळाने भरलेल्या पाइपचा नळ बंद असतो तेव्हा प्रेशर पूर्णच असतं की, नळ सोडला की मग थेंब थेंब. म्हणून लोड असताना मोजायचं. मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला, आणि सेल्फ मारायचा. ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी आलं तर उत्तम, अर्धा-एक व्होल्ट आलं तर तेवढे व्होल्ट त्या गंजात अडकतायत. नट काढून पॉलिश पेपरने घासून परत आवळा, खर्च शून्य. मी तर म्हणेन दर पावसाळ्याआधी एकदा घासाच.

माझ्या गाडीचं काय निघालं

आमच्या गावात एक म्हातारा मेस्त आहे, आयुष्यभर गाड्यांचं वायरिंग केलेला, त्याला फोन केला तर तो एवढंच बोलला, 'सेन्सर न्हय रे बाबा, पयलीं वायर पळय', म्हणजे आधी वायर बघ. म्हणून बघितलं.

इंजिन थंड झाल्यावर सेन्सरचा कपलर काढला. सेन्सरच्या दोन पिनांवर मीटर ओहमला लावला, दोन हजाराच्या जरा खाली, म्हणजे सेन्सर ठणठणीत. मग चावी ऑन करून गाडीकडून येणाऱ्या कपलरवर व्होल्ट बघितले, तिथे ५ यायला हवे होते, आले शून्य. म्हणजे ५ व्होल्ट ईसीएमकडून निघतायत पण इथपर्यंत पोचत नाहीत. खात्री म्हणून कपलरच्या दोन्ही पिना एका वायरच्या तुकड्याने जोडल्या आणि स्कॅनरकडे बघितलं. वायरिंग नीट असतं तर आकडा उणे ४० वरून उडी मारून वर टोकाला गेला असता. हलला नाही. (हा जोडायचा प्रकार फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरला, तीन वायरींच्या सेन्सरला अजिबात करू नका, कारण खाली सांगतो.)

मग वायरी ज्यातून जातात ती काळी नागमोडी नळी बोटांनी चाचपत मागे मागे गेलो, आणि बॅटरीच्या ट्रेखाली, जिथे रात्री उबदार असतं, तिथे नळीला आठ आण्याएवढं भोक, आत एक वायर कुरतडून तुटलेली, तांबं चकचकीत, आणि बाजूला दोन काळ्या लेंड्या. उंदीर. पावसात त्याला कोरडी जागा हवी असते आणि आपण संध्याकाळी गरम इंजिन पडवीला आणून लावतो, त्याला आणखी काय पाहिजे. मेस्त आला, सोल्डर मारलं, वर हीट श्रिंकची नळी चढवली, आणि सेन्सरच्या किमतीपेक्षा कमी पैसे घेतले.

तीन वायरींचं प्रकरण असं: थ्रॉटल, प्रेशर असले सेन्सर तीन वायरींचे असतात, ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल, आणि बऱ्याच गाड्यांत एकाच ५ व्होल्टच्या लाइनवर दोन-तीन सेन्सर जोडलेले असतात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की तो सगळ्यांचे ५ व्होल्ट खाली ओढतो, आणि कोड मात्र सगळ्यांचे येतात, बिचारे चांगले सेन्सर बदनाम. अशा वेळी चावी ऑन ठेवून लाइव्ह डेटा बघत एकेकाचा कपलर काढायचा, ज्याचा काढल्यावर बाकीचे एकदम शहाण्यासारखे बोलायला लागतात तो चोर.

मीटरची पिन वायरच्या प्लास्टिकात खुपसू नका. कोरड्या हवेत चालत असेल, आपल्याकडे त्या टाचणीएवढ्या भोकातून दमट खारी हवा शिरते आणि वर्षभराने वायर आतून हिरवी होऊन तुटते. कपलरच्या मागच्या बाजूने, वायर जिथे आत शिरते तिथून बारीक पिन सरकवायची.

न खर्च करता करायच्या दोन टेस्ट

सकाळी गाडी सुरू करण्याआधी चावी ऑन करून कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळपास सारखी हवीत, आणि बाहेरच्या हवेशी जुळणारी. एक २७ आणि एक ५२ असेल तर एक खोटं बोलतंय. हे कोड येण्याआधीच पकडता येतं, कारण अर्धवट खोटं ईसीएमला लवकर कळत नाही.

दुसरी, गाडी मिसिंग मारतेय आणि कोड पी०३०१ आहे, म्हणजे एक नंबरच्या सिलिंडरमध्ये ठिणगी-पेट्रोलचा घोळ. वेगवेगळ्या कॉइल असतील तर गाडी बंद आणि थंड असताना एक आणि दोन नंबरच्या कॉइल अदलाबदल करा, कोड पुसा, चालवून बघा. कोड पी०३०२ झाला तर कॉइलच खराब, ती नवीन घ्या. एकच्या एकवरच राहिला तर कॉइल सोडा, प्लग आणि इंजेक्टरकडे बघा.

मिसिंगमध्ये दिवा नुसता पेटलेला न राहता लुकलुकत असेल तर मात्र टेस्ट वगैरे नंतर, पाय हलका करा आणि बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो भाग या सगळ्यात महाग. चोर्ला घाट चढताना लुकलुकायला लागला तर 'वर पोचलो की बघू' म्हणू नका.

हे सगळं ई-२० मुळेच होतंय ना?

ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि हा प्रश्न हल्ली प्रत्येक जण विचारतो. याचं उत्तर स्कॅनरच देतो, फ्युएल ट्रिम नावाचा आकडा बघा. हुमण करताना आई चव बघून मीठ घालते तसं ईसीएम सायलेन्सरमधल्या ऑक्सिजन सेन्सरने चव बघतो आणि पेट्रोल थोडं वाढवतो किंवा कमी करतो. आत्ता घातलेली चिमूट म्हणजे शॉर्ट टर्म ट्रिम, आणि 'या हुमणाला नेहमी जरा जास्तच मीठ लागतं' ही लक्षात ठेवलेली सवय म्हणजे लाँग टर्म ट्रिम. दोन्हींची बेरीज अधिक-उणे १० टक्क्यांत असेल तर चिंता नाही.

इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला ते जास्त लागतं. १० टक्केवाल्या पेट्रोलवरून २० टक्केवाल्यावर गेलं तर हा फरक साधारण ४ टक्क्यांचा. म्हणजे ट्रिम ३ वरून ७ झाला तर ते ई-२० असू शकतं, पण तुमचा ट्रिम अधिक २५ आहे आणि पी०१७१ आलाय, म्हणजे 'मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय', तर एवढं सगळं इथेनॉलच्या नावावर घालता येत नाही. इंजिन आयडलला ठेवून ट्रिम बघा आणि मग अडीच हजार आरपीएमला धरून बघा. आयडलला जास्त आणि वर नॉर्मल झाला तर कुठेतरी नळीतून चोरटी हवा शिरतेय. उलट वर गेल्यावर वाढत असेल तर पंप, फिल्टर किंवा हवा मोजणारा सेन्सर घाण झालाय. मायलेज कमी होण्याची तक्रार खरी आहे, जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांची काळजीही बरोबर आहे, मी काही त्याची वकिली करत नाहीये, पण दोष ठरवण्याआधी आकडा बघा.

कोड पुसून टाकला तर काय बिघडतं?

दिवा जातो, बिघाड जात नाही. आणि पुसताना आणखी एक गोष्ट जाते, फ्रीझ फ्रेम. कोड पडला त्या क्षणी स्पीड किती होता, इंजिन किती गरम, आरपीएम किती, याचा गाडीने काढून ठेवलेला फोटो. पंचनाम्याआधीच जागा धुऊन काढल्यासारखं. म्हणून पुसण्याआधी फोनवर स्क्रीनशॉट घ्या, कोडचा पण आणि फ्रीझ फ्रेमचा पण. बॅटरी काढून लावण्याचा देशी उपाय पण हेच करतो, वर शिकलेले ट्रिमही विसरायला लावतो. दुरुस्ती झाल्यावर जरूर पुसा, मग दोन-चार दिवस नेहमीसारखी चालवा, कारण बरेच कोड दोन फेऱ्यांत लागोपाठ तीच चूक दिसल्याशिवाय दिवा पेटवतच नाहीत, तोपर्यंत ते 'पेंडिंग' म्हणून आत बसून असतात.

पीयूसी मिळाली म्हणजे सगळं ठीक असंही नाही. तिथे सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर तपासतात, कोड कोणी वाचत नाही.

डिझेलवाल्यांसाठी एकच. बीएस-६ डिझेल आणि पी२४६३ आला तर तो काजळीचा फिल्टर भरल्याचा कोड आहे. पणजी-म्हापसा रोज ये-जा एवढंच चालवणं असेल तर फिल्टरला स्वतःची काजळी जाळायला लागतो तेवढा वेळ गरम राहायला मिळतच नाही, हायवेला अर्धा तास एकसारखी पळवली की बऱ्याचदा सुटतो. दिवा लाल झाला किंवा पॉवर कापली तर मात्र गॅरेज.

मग घरी काय करायचं नाही?

एअरबॅग. पिवळे कपलर आणि पिवळी नळी दिसली की हात मागे. त्या सर्किटला मल्टिमीटर ओहमला लावला तर मीटरच्या बारीकशा करंटनेसुद्धा बॅग फुटू शकते. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांतल्या नारिंगी जाड केबली तशाच, तिथे शेकडो व्होल्ट असतात. आणि वॉरंटीत असलेल्या गाडीत कोड वाचा, लिहून ठेवा, पण वायर कापू नका आणि सोल्डर मारू नका, ते त्यांच्याच हातून होऊ दे.

गॅरेजला तर जावं लागणारच, कधी ना कधी. पण 'दिवा लागलाय, बघा जरा' असं म्हणून चावी देण्याऐवजी असं सांगून बघा: पी०११८ आहे, सेन्सरचे ओहम बरोबर आहेत, कपलरवर ५ व्होल्ट येत नाहीत, वायर बघाल का. समोरचा आधी तुमच्याकडे बघतो, मग आतल्या पोराला हाक मारतो आणि म्हणतो, मीटर आण रे.